शिकाऊ उमेदवार घेताय? आधी करार, मग काम

छोट्या कारखान्यात नवा मुलगा शिकायला ठेवला की त्याच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकार उचलतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना 2016 पासून सुरू आहे, तरी अनेक मालक तिकडे वळतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिशेब साधा आहे. विद्यावेतनाच्या 25 टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये सरकारचे. 8000 ठरवलेत तर 25 टक्के 2000 होतात, पण मिळणार 1500. उरलेले 6500 तुमचे.

कंत्राटी धरून 30 किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारकच आहे. 4 ते 29 असतील तर ऐच्छिक.

गाडी अडते ती कागदावर. मुलगा आधी कामाला लागतो आणि शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर तुमच्या-त्याच्यातला करार मागाहून नोंदला जातो. असं करू नका. करार नोंदला गेला की मगच त्याला मशीनवर उभं करा.

दुसरी अडचण बँक खात्याची. सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. मुलाची दोन खाती असतात, तो पासबुक एकाचं दाखवतो आणि आधार जोडलेलं असतं दुसऱ्यालाच! पहिल्याच दिवशी त्याला बँकेत पाठवून कोणतं खातं जोडलंय ते विचारून घ्या. तुमचा वाटाही बँकेतूनच द्या, पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत.