क्रॉस्ड डायपोल: मॅचिंगला हात घालण्याआधी

रशियाचे मेटेऑर-एम मालिकेतले हवामान उपग्रह १३७.१ किंवा १३७.९ मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, आणि तीही उजव्या सर्क्युलर पोलरायझेशनमध्ये (लहरीचं विद्युत क्षेत्र उजवीकडे गोल फिरत येतं). ती पकडायला क्रॉस्ड डायपोल अँटेना लागतो: काटकोनात बसवलेले दोन डायपोल (मधोमध केबल जोडलेले सरळ दांडे), ९० अंशांच्या फेज-फरकाने चालवलेले. वारंवारता दोन आहेत, म्हणून अँटेनाचं संगणकावरचं मॉडेल मधल्या १३७.५ वर मांडा आणि दोन्ही टोकांना तपासा. अर्धी तरंगलांबी १०९ सेंटिमीटर भरते, पण नळीचा डायपोल १०३-१०४च्या आसपास जुळतो. नळी कापताना सेंटिमीटरभर जास्तच ठेवा.

एनईसी-२ (अँटेनाचं गणित करणारा प्रोग्रॅम) वापरणार असाल तर नळीचा खरा व्यास आधी मोजून घ्या. प्रत्येक डायपोलला विषम संख्येत सेगमेंट (गणितासाठी पाडलेले तुकडे) द्या, म्हणजे पोर्ट (केबल जोडायची जागा) बरोबर मधल्या सेगमेंटवर बसतो. दोन डायपोल एकाच बिंदूत छेदू देऊ नका, एक दुसऱ्याच्या दोन सेंटिमीटर वर ठेवा. तेवढ्यानेही सरळ वरच्या दिशेला ३.३ अंशांचा फेज-फरक पडतो. तो लिहून ठेवा, केबलच्या लांबीत भरून काढता येतो. रिफ्लेक्टर (डायपोलखालचे लहरी परतवणारे दांडे किंवा जाळी) आणि धातूचा खांब मॉडेलमध्ये हवेतच.

मग एक पोर्ट चालवा आणि दुसऱ्याच्या मधल्या सेगमेंटवर ५० ओहमचा लोड टाका. माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे. एस११ आणि एस२२ (त्या त्या पोर्टवरून परत येणारा भाग) सारखे हवेत, एस२१ (एका पोर्टमधून दुसऱ्यात गळणारा भाग) उणे ३० डेसिबलच्या खाली हवा. तो उणे १५ पर्यंत चढला असेल तर कुठेतरी समतोल बिघडलाय: खांब कललाय, किंवा केबल एका दांड्याला समांतर गेलीये. अशा वेळी एकेका पोर्टचं वेगळं मॅचिंग (अँटेनाचा इम्पीडन्स, म्हणजे त्याचा एसी रोध, केबलशी जुळवणं) करून उपयोग नाही, कारण दोन्ही पोर्ट ९० अंशांच्या फरकाने एकदम चालले की इम्पीडन्स बदलतो. आधी समतोल आणा.

इम्पीडन्स ७० ओहमच्या जवळ आला तर घाबरू नका. ५० ओहमच्या केबलवर एसडब्ल्यूआर (न जुळल्याचं माप, १ म्हणजे अचूक जुळणी) १.४ दिसतो, परावर्तन ३ टक्क्यांहूनही कमी. नुसतं ऐकायचं असेल तर हे चालतं. तरी जुळवायचंच असेल तर दांडे थोडे खाली झुकवा, इम्पीडन्स उतरतो. सुटे भाग लावायचे तर ३७ नॅनोहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये आणि अँटेनाच्या बाजूला १०.५ पिकोफॅरडचा कपॅसिटर शंटमध्ये (समांतर). दोन्ही पोर्टचे भाग मोजून जोडीचे निवडा. आयाम सारखे असूनही फेज १० अंशांनी चुकली की ॲक्सियल रेशो (पोलरायझेशन किती गोल आहे याचं माप, शून्य डेसिबल म्हणजे अचूक गोल) दीड डेसिबलवर जातो.

९० अंशांचा हायब्रिड (दोन्ही डायपोल ९० अंशांच्या फरकाने एका रिसीव्हरला जोडणारा चार पोर्टचा भाग) घेताना चौथ्या पोर्टसाठी ५० ओहमचा टर्मिनेटर विसरू नका. दोन्ही डायपोल सारखेच बिघडलेले असले तर त्यांचं परावर्तन तिथे जिरतं आणि रिसीव्हरच्या बाजूला एसडब्ल्यूआर छान दिसतो. म्हणून मोजमाप हायब्रिडमधून न करता थेट डायपोलच्या पोर्टवर करा. नॅनोव्हीएनए (ही मापं घेणारं छोटं यंत्र) केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला कॅलिब्रेट करा आणि दोन्ही फीडवर (डायपोलला येणाऱ्या केबलवर) फेराइटची कडी चढवा, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडतो. केबलला हात लावल्यावर आलेख हलला तर कडी कमी पडतायत.

दोन्ही केबलना वेगळ्या रंगाची टेप लावून ठेवा. पोलरायझेशन डावं निघालं तर हायब्रिडवर त्यांचीच अदलाबदल करायची असते.