चाळिशीच्या आसपास एचपीव्हीची लस घ्यायची तर

एचपीव्ही म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर घडवू शकणारा व्हायरस. त्याची लस घ्यायला मी ३८ व्या वर्षी गेले तेव्हा कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये काउंटरवरची मुलगी म्हणाली, मुलीला नाही आणलंत का मॅडम? म्हटलं अगं मलाच घ्यायचीये.

तर माझ्या वयाच्या बायकांनो, थेट लस मागू नका, आधी गायनॅकला भेटा. २६ पर्यंत कोणीही घ्यावी, २७ ते ४५ मध्ये डॉक्टरशी बोलून ठरवायचं, कारण लस पुढचं इन्फेक्शन अडवते, अंगात आधीच शिरलेल्या व्हायरसला काही करत नाही आणि लग्नाला पंधरा वर्षं झाली की एखादा प्रकार येऊन गेलेला असूही शकतो. फायदा कमी होतो, पण अगदीच नसतो असं नाही. आपल्या सिरमची सर्वाव्हॅक स्वस्त पडते म्हणून सगळ्या तीच मागतात, पण ती ९ ते २६ वयासाठी मंजूर झालीये, वय आधी सांगा.

मोठ्यांना तीन डोस. आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. मी कॅलेंडरवर गोल केलेले, तरी तिसरा नेमका गौरी-गणपतीत आला आणि राहिला. परत पहिल्यापासून नाही घ्यावे लागत, राहिलेला तेवढा घ्यायचा. गरोदर असाल तर मात्र थांबा. इंजेक्शन दंडात देतात, नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा, काहींना चक्कर येते. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना माझा हात चांगलाच ठणकत होता.

आता खरी गोष्ट. लस घेतली म्हणून पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन करायची तपासणी, सोडायची नाही! पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७०% मागे एचपीव्हीचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार असतात, ते लस अडवते, पण बाकीचे सगळे नाही अडवत. पाळीत जाऊ नका, आधीचे दोन दिवस संबंध नको, आतून ठेवायच्या गोळ्या नको. टेबलावर "अजून खाली सरका, अजून" ऐकायचं, तो गार चिमटा, छोटासा ब्रश फिरतो, झालं. पॅप दर ३ वर्षांनी, तिशीनंतर एचपीव्ही टेस्ट केली तर दर ५ वर्षांनी. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही हं, बहुतेकींचं इन्फेक्शन वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, फक्त फॉलोअप चुकवू नका. आणि पाळी नसताना रक्त, संबंधानंतर रक्त, किंवा पाळी बंद झाल्यावर डाग दिसला तर लसबिस बाजूला ठेवून लगेच दाखवा.

सासूबाईंनाही नेलं, वय ६२, आयुष्यात कधी केली नव्हती. बाहेर येऊन पदर सारखा करत म्हणाल्या, एवढंच होतं होय.