रिपोर्टात ‘मिथिलेटेड’ आलंय? मग आधी हे बघा

उदगीरला माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. कॅन्सरमध्ये डीएनएवरचं मिथिलेशन बघायची तपासणी माझ्याकडे होत नाही. रिपोर्ट मुंबईहून, हैदराबादहून येतात आणि माणसं वाचायला इथं आणतात. “सर, मिथिलेटेड म्हणायलेत, म्हणजे वाईट का?” हा प्रश्न ठरलेला.

नुसत्या त्या शब्दावरून चांगलं-वाईट ठरत नाही. रंगीत आलेख सोडून द्या. पेन घ्या आणि दोन ठिकाणी गोल करा: नमुना कोणत्या अवयवाचा आहे आणि जीन कोणता आहे.

म्युटेशन आणि मिथिलेशन यांत गल्लत करू नका. सातबारा डोळ्यांसमोर आणा. म्युटेशन म्हणजे क्षेत्रच चुकीचं लिहिलं जाणं. मिथिलेशन म्हणजे इतर हक्कात चढलेला बोजा. जमीन तीच, मालक तोच, पण व्यवहार अडकला. डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट बसतो. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढाच तो. जीनच्या सुरुवातीला, म्हणजे प्रमोटरवर, असे गट दाटले की जीन बंद पडतो. पेशी दुभंगली की डीएनएमटी१ हे एन्झाइम नव्या प्रतीवरही ते गट चढवतं, वारसांच्या उताऱ्यावर बोजा जावा तसं. गाठ रोखणारे कित्येक जीन कॅन्सरमध्ये असेच बंद पडलेले असतात. गंमत म्हणजे त्याच पेशीत बाकी डीएनएवरचं मिथिलेशन घटलेलं असतं. फाइनबर्ग आणि फोगेलस्टाइन या संशोधकांनी हे १९८३ मध्येच दाखवलं होतं.

मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये एमजीएमटी हा जीन बघतात. टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या गाठीच्या डीएनएची जी मोडतोड करतात, ती या जीनचं प्रथिन दुरुस्त करतं. जीन बंद असला की दुरुस्ती होत नाही आणि गोळी जास्त लागू पडते. म्हणजे इथं ‘मिथिलेटेड’ ही त्यातल्या त्यात बरी बातमी. २००५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अशा रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, तो आकडा) नुसत्या रेडिएशनवर १५.३ महिने होतं, गोळ्यांसह २१.७ महिने. आकडे मोठे नाहीत, घरच्यांना ते खरे तेच सांगावेत. ‘अनमिथिलेटेड’ आलं म्हणून गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.

मोठ्या आतड्याच्या रिपोर्टात एमएलएच१ दिसला तर प्रश्न घरातल्या बाकीच्यांचा असतो. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जीनपैकी हा एक. गाठीत त्याचं प्रथिन नाही म्हटल्यावर लिंच सिंड्रोमची शंका येते. कॅन्सरचा धोका वाढवणारा हा दोष आनुवंशिक असतो, आणि मग भाऊ, बहीण, मुलं सगळ्यांची तपासणी निघते. पण गाठीतला एमएलएच१ जर मिथिलेशनमुळे बंद झाला असेल, तर बहुतेक वेळा तो त्या माणसाच्या आतड्यातच, उतारवयात झालेला बदल असतो. सोबत बीआरएएफ या जीनमधलं व्ही६००ई हे म्युटेशन सापडलं तर लिंचची शक्यता फारच कमी होते. म्हणून पोरांना गाडीत घालून मुंबई गाठायच्या आधी डॉक्टरांना विचारा, “एमएलएच१चं मिथिलेशन आणि बीआरएएफ, दोन्ही तपासलंय का?” रुग्ण तरुण असेल तर एवढ्यावर थांबू नका. क्वचित हे मिथिलेशन जन्मापासून सगळ्या शरीरात असतं, ते रक्तातून बघावं लागतं.

रक्तपेशी नीट तयार न होण्याच्या एमडीएस या आजारात बोजा उतरवणारं औषधच मिळतं, ॲझासायटिडिन. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मंजुरी मिळाली. साधारणपणे २८ दिवसांच्या चक्रात ७ दिवस इंजेक्शन असतं. गुण यायला चार ते सहा चक्रं जातात आणि सुरुवातीला रक्ताचे आकडे आणखी खाली येऊ शकतात. आपली माणसं नेमकी दुसऱ्या चक्रानंतर “काही फरक नाही” म्हणून सोडतात. ते इंजेक्शन कातडीखालीही देता येतं, म्हणून लातूर-नांदेडला सोय होईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

मिथिलेशन ‘सुधारणारी’ पावडर विकणारे आता इकडंही फिरू लागलेत. फोलेट या जीवनसत्त्वातून शरीराला मिथाइल गट मिळतात हे खरं, पण हवा तोच जीन उघडायचा किंवा झाकायचा, हे कुठल्या पावडरला जमत नाही. पैसे गाडीभाड्याला ठेवा. तंबाखूचं मात्र उलट आहे: बिडी-सिगारेटनं एएचआरआर या जीनवरचं मिथिलेशन बदलतं आणि सोडल्यावर ते बऱ्याच अंशी पूर्ववत व्हायला लागतं.

आता ब्लॉक. गाठीची तपासणी बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्यावर होते, नुसत्या काचेवर (स्लाइडवर) भागेलच असं नाही. हॉस्पिटलकडून दोन्ही मागा, पोच लिहून द्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण पाघळतं. डबीत घालून हँडबॅगेत ठेवा, आणि तपासणी झाली की उरलेला ब्लॉक परत मागायला विसरू नका. पुढं दुसरी तपासणी निघाली तर तोच लागतो.