न्या. सुजाता मनोहर यांच्यावर भाषण तयार करताना

दर वर्षी सावित्रीबाईंच्या जयंतीच्या सुमारास आमच्या वाचनालयात वक्तृत्व स्पर्धेच्या मुली येतात. जिल्हा न्यायालयात मी ३१ वर्षं लघुलेखक होते, त्यामुळे न्यायाधीशांचा विषय निघाला की शाळेतल्या बाई त्यांना माझ्याकडे धाडतात. गेल्या खेपेला नववीतली एक मुलगी न्या. सुजाता मनोहर यांच्यावरचं भाषण घेऊन आली. त्यात ‘रणरागिणी’ होती, ‘गगनभरारी’ होती, पण खटला एकही नव्हता. दोन संध्याकाळी बसून आम्ही ते नव्याने लिहिलं. कसं, ते सांगते.

‘पहिल्या महिला न्यायाधीश’ असं नुसतं कधी लिहू नका. कुठल्या न्यायालयातल्या पहिल्या, ते सांगा. उच्च न्यायालयात पहिल्या ॲना चंडी, केरळात, १९५९ साली. सर्वोच्च न्यायालयात फातिमा बीवी, १९८९ साली. उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती लीला सेठ, हिमाचल प्रदेशात, १९९१ साली. सुजाताबाई १९७८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. परीक्षकांत वकील असला तर तो नेमकं इथे बोट ठेवतो.

शिक्षण दोन वाक्यांत आटपा: एल्फिन्स्टन कॉलेज, ऑक्सफर्ड, लिंकन्स इन (लंडनमधली बॅरिस्टरांची संस्था) आणि १९५८पासून मुंबईत वकिली. वडील के. टी. देसाई गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, तेही सांगा. मुलगी म्हणाली, “हे सांगितलं तर त्यांचं मोठेपण कमी होईल ना?” मला तसं वाटत नाही. घरात कायदा होता म्हणून १९७८ साली मुंबईच्या न्यायासनावर बाई बसणं काही रोजची गोष्ट ठरत नाही. १९९४ या सालावर मात्र क्षणभर थांबा. त्या एका वर्षात त्या आधी मुंबईच्या, मग केरळच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात पोचल्या.

आता निकालपत्रं. भाषणाचा निम्मा वेळ यांच्यासाठी राखा. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात; पक्षकाराचं नाव आणि साल टाकून शोधा. निकालपत्र उघडलं की आधी दोन गोष्टी पाहायच्या. पीठावर कोण कोण होतं आणि निकाल कुणी लिहिला. दोन्ही एकच समजू नका.

मुलीने लिहिलं होतं, “विशाखा निकाल सुजाताबाईंनी दिला.” १३ ऑगस्ट १९९७चं ते निकालपत्र आम्ही उघडलं. पीठ तिघांचं: सरन्यायाधीश वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. किरपाल. लिहिणारे वर्मा. मुलीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “अगं, तिघांचं एकमत आहे. त्यांची सहीही तितकीच मोलाची. फक्त ‘त्या पीठावर होत्या’ असं म्हण.” मग भंवरी देवींची गोष्ट सांगायची. राजस्थानातल्या त्या साथिन, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. बालविवाह थांबवायला गेल्या आणि १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता, म्हणून न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा यायला २०१३ उजाडलं. हे सांगताना आवाज चढवू नका. हळू बोललात तरी सभागृह ऐकतं.

त्यांनी स्वतः लिहिलेला निकालही एक घ्या. प्रीती श्रीवास्तव खटला, पाच जणांचं घटनापीठ, १० ऑगस्ट १९९९. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात राखीव जागांसाठी किमान गुण किती खाली आणता येतील, हा प्रश्न होता. खुल्या आणि राखीव जागांच्या किमान गुणांत फार मोठी तफावत चालणार नाही, असं बहुमताच्या वतीने त्यांनी लिहिलं. न्या. मजमुदार यांनी काही मुद्द्यांवर वेगळं मत दिलं. तेही वाचा. मुलीला बहुमत पटलं नाही. मी म्हटलं, “मग भाषणात तसं सांग, कारण देऊन सांग.” न्यायाधीशाचा मान राखायला त्याच्या प्रत्येक निकालाला मान डोलवावी लागत नाही.

शेवटी तारखा जुळवून पाहा. जन्म २८ ऑगस्ट १९३४चा, सर्वोच्च न्यायालयातली निवृत्ती ६५व्या वर्षी, म्हणजे शेवटचा दिवस २७ ऑगस्ट १९९९. घटनापीठाचा तो निकाल त्याआधी अवघे १७ दिवस. हे मुलीने स्वतः वहीत मोजून काढलं आणि भाषणाची सुरुवात तिथूनच केली.