आल्ट-टॅब बडवून वैतागलात? विंडोजमधले शॉर्टकट आपल्या सोयीने लावून घ्या

क्रोममध्ये वीस टॅब, मागे वर्ड, त्याच्यामागे कुठेतरी एक्सेल, आणि एका विंडोतून दुसरीत जायला आपण आल्ट-टॅब बडवत बसलोय, असं रोज होत असेल तर दहा मिनिटं काढून हे करून टाका. मी विंडोज ११ वर सांगतोय.

मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर वापरत असाल तर आधी सेटिंग्ज उघडून सिस्टीम, मग मल्टिटास्किंगमध्ये जा. तिथे आल्ट-टॅबमध्ये टॅबपण दाखवायचे का ते विचारलेलं असतं, ते ‘डोन्ट शो टॅब्स’ करा, नाहीतर विंडोंच्या गर्दीत टॅब घुसतात. क्रोमवाल्यांनी थेट पुढे चला.

आता मुख्य काम. कंट्रोल-टॅबने पुढचा टॅब येतो ते ठीक आहे, पण मागच्या टॅबवर जायला कंट्रोल-शिफ्ट-टॅब म्हणजे डाव्या हाताच्या बोटांची गाठच. क्रोममध्ये हे बदलायची सोयच दिलेली नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज हे ॲप घ्या, फुकट आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं.

ते उघडून डावीकडे कीबोर्ड मॅनेजर निवडा आणि चालू करा. मग ‘रीमॅप अ शॉर्टकट’. नवीन ओळ घ्या, आपण दाबायच्या शॉर्टकटच्या बाजूला आल्ट-क्यू, त्याच्या बदल्यात चालायच्या बाजूला कंट्रोल-शिफ्ट-टॅब. अजून एक ओळ, तशीच आल्ट-डब्ल्यू आणि कंट्रोल-टॅब. शेवटी दोन्ही ओळींत टार्गेट ॲपच्या चौकटीत chrome असं इंग्रजीत, म्हणजे क्रोमचं स्पेलिंग लिहा आणि ओके. ही चौकट रिकामी सोडू नका बरं का, कारण वर्डमध्ये आल्ट-क्यूने सर्च उघडतं आणि आल्ट-डब्ल्यूने व्ह्यूचा टॅब, तिथेही तुमचाच शॉर्टकट चालायला लागला की डोकं फिरेल. विंडोज-एल आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट मात्र बदलता येत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

फायरफॉक्सवाल्यांचं काम सोपं. सेटिंग्जमध्ये जनरलखाली कंट्रोल-टॅबने टॅब ‘नुकतेच वापरलेले आधी’ या क्रमाने फिरवायचा पर्याय आहे, त्यावर टिक केली की दोन टॅबमध्ये ये-जा करणं एकदम झटपट होतं.

आणि मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक खास डोकेदुखी. उलट्या दिशेने जायला आल्ट-शिफ्ट-टॅब दाबताना बोट जरा मागेपुढे पडलं की नुसतं आल्ट-शिफ्ट लागतं, कीबोर्डची भाषा बदलते, आणि इंग्रजी मेलमध्ये अचानक ‘म्दपो’ असलं काहीतरी उमटायला लागतं. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज असं आत आत जा, ‘चेंज की सिक्वेन्स’ दाबा आणि भाषा बदलण्यासाठी ‘नॉट असाइन्ड’ ठेवा. भाषा बदलायला विंडोज-स्पेस आहेच.

पॉवरटॉईज बंद असेल तर वरचे रीमॅप चालत नाहीत, म्हणून त्याच्या जनरल सेटिंग्जमध्ये ‘रन ॲट स्टार्टअप’ चालू आहे ना ते बघून घ्या.