खारं पाणी, तेलाचे केस आणि मेंदूच्या लहरी

मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाण पट्ट्यातला, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं. बीपीएड केलं, मग मानसशास्त्रात एमए, आणि एमएच्या डिझर्टेशनला विषय घेतला तिरंदाजांचं लक्ष आणि मेंदू. आता आमच्या भागातली पोरं-पोरी हाच विषय घ्यायचाय म्हणून विचारायला येतात तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ईईजी मशीन, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी टिपायचं मशीन, कुठून मिळेल. मशीनचं नंतर सांगतो. आधी आपण शोधतोय काय ते कळलं पाहिजे, कारण मी पहिले सहा महिने उलटंच शोधत बसलो होतो.

मला वाटायचं तरबेज खेळाडूचा मेंदू जास्त कामाला लागत असेल आणि नवख्याचा कमी. वाचायला लागलो तर प्रकरण वेगळंच निघालं. १९८४ मध्ये अमेरिकेत ब्रॅड हॅटफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायफल शूटर्सच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहिलं, तर ट्रिगर दाबायच्या आधीच्या काही सेकंदांत डाव्या कानाच्या वर मेंदूचा जो भाग येतो तिथं अल्फा लहरी वाढत जातात. अल्फा म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा येणारी लहर, ती वाढली की तो भाग निवांत होतोय असं धरतात, आणि डावी बाजू बहुतेकांची भाषेची असते, म्हणजे मनातल्या मनात जी बडबड चालते ती तिकडची. पुढे २००० मध्ये तरबेज आणि नवखे शूटर शेजारी ठेवून पाहिले तेव्हाही नवख्यांचाच मेंदू जास्त पेटलेला होता आणि फरक सगळ्यात मोठा डावीकडेच. पण म्हणून तरबेज माणसाचा मेंदू झोपतो असं लिहून मोकळं होऊ नका, कारण २००८ च्या एका अभ्यासात तरबेज रायफल शूटर्सच्या कपाळामागच्या मधल्या भागात शेवटच्या तीन सेकंदांत थीटा लहर, म्हणजे अल्फापेक्षा हळू येणारी लहर, वाढताना दिसली, आणि ती एका जागी लक्ष धरून ठेवण्याची खूण मानतात. बाकीचं बंद आणि कामाचं तेवढं चालू, असं ते आहे. आणि अल्फा जितका जास्त तितका नेम चांगला असं सरळ गणितही नाही, हे गाईडला पहिल्याच भेटीत सांगा.

हे सगळं मला खरं पटलं ते मैदानावर. आमच्याकडे एक पोरगा राज्यस्तरावर खेळलेला, रिकर्व्ह म्हणजे ऑलिंपिकमधलं धनुष्य वापरणारा, आणि एक पोरगी तीन महिने झाले बांबूचं धनुष्य धरलेली. दोघांना विचारलं, बाण सोडायच्या आधी डोक्यात काय असतं? पोरगा म्हणे, "काहीच नाई सर, क्लिकर वाजते अन् बाण जाते." (क्लिकर म्हणजे धनुष्यावरची पट्टी, बाण पूर्ण ओढला की टक्क वाजते.) पोरगी म्हणे, "कोपर वर पाह्यजे, खांदा खाली पाह्यजे, श्वास सोडाचा, अन् तुमी पाहून राह्यले सर." पोरीच्या त्या एका वाक्यात निम्मं डिझर्टेशन होतं, मी ते त्याच दिवशी वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलं. तुम्हीही खेळाडूचं बोलणं त्याच्याच भाषेत उतरवा, प्रमाण मराठीत नेऊ नका, नेलं की त्यातलं अर्धं हरवते.

आता मशीन. मला एका संस्थेतून आठ दिवसांसाठी मिळालं होतं, त्यातले तीन दिवस पूर्ण वाया गेले. इलेक्ट्रोड आणि टाळूच्या मध्ये अडथळा जितका कमी तितका सिग्नल स्वच्छ, साधारण ५ किलोओहमच्या खाली लागतो, आणि आमच्याकडे पोरींच्या डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं. जेल लावा, घासा, आकडा खालीच येईना. धुऊन या म्हटलं तर खाऱ्या पाण्यात शाम्पूला फेसच येत नाही, तेल तसंच चिकटून. शेवटी आरओच्या पाण्याच्या दोन कॅन विकत आणल्या आणि शाळेच्या मागे एकेकीला डोकं धुवायला लावलं, तेव्हा आकडे उतरले. एकीची आई भांडायलाच आली, "काऊन हो सर, तेल काऊन नाई लावाचं? ऊन केवढं हाय!" तिचंही बरोबर होतं. दोन दिवस आधी घरी जाऊन समजावून सांगायला हवं होतं. मुलं अठराच्या खालची असतील तर पालकांची लेखी संमती तर घ्यावीच लागते, तीही मराठीत, वाचून दाखवून.

घामानेही लहर हळूहळू तिरकी सरकत जाते. कूलर, ट्यूबलाइट, वायरिंग यांची ५० हर्ट्झची गुणगुण वेगळीच. माझं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग लाइन गेली तेव्हाचं आहे, मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर, सगळं गाव बंद. त्यानंतर मी लोडशेडिंगचं टाइमटेबल पाहूनच खेळाडूंना बोलवायला लागलो.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिरंदाज दोरी हनुवटीपर्यंत ओढतो तेव्हा जबडा आवळतो, आणि जबड्याचा स्नायू नेमका कानाच्या वरच्या त्या इलेक्ट्रोडखालीच पसरलेला असतो. तुम्ही मेंदू समजून स्नायू मोजत बसाल. जमलं तर एअर रायफल किंवा पिस्तूल घ्या, शरीर जास्त स्थिर राहते. तिरंदाजीच घ्यायची असेल तर दात आवळून एक आणि सैल सोडून एक असं रेकॉर्डिंग आधी घेऊन फरक डोळ्याने पाहून ठेवा. डेटा साफ करायला एमएनई-पायथन नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळते, शिकायला महिना दीड महिना धरा.

मशीन नाहीच मिळालं तरी विषय सोडू नका. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी क्वाएट आय म्हणून जे मांडलं ते डोळ्याचं आहे, शेवटची नजर लक्ष्यावर किती वेळ ठरते ते, तरबेजांची ती जास्त वेळ ठरते. खरं मोजमाप आय-ट्रॅकरनेच, म्हणजे नजर कुठं आहे ते टिपणाऱ्या यंत्रानेच होते, पण नवखा बाण सोडायच्या आधी किती वेळा टोकाकडे, हाताकडे, मग बोर्डाकडे बघते हे मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही मोजता येते, पदवीच्या प्रोजेक्टला तेवढं पुरते. आणि तरबेज विरुद्ध नवखे एवढंच करू नका, त्यांच्यात वय, सराव, धनुष्य सगळंच वेगळं असते. एकाच खेळाडूचे चांगले आणि वाईट बाण वेगळे काढून तुलना करा, निष्कर्ष जास्त टिकतो.

रेकॉर्डिंग डिसेंबर-जानेवारीत सकाळी ठेवा, घाम नसतो. फक्त तारखा पक्क्या करायच्या आधी घरोघरी विचारून घ्या की पोरं कापूस वेचायला लागणार आहेत का, माझे दोन नवखे त्यातच गेले आणि दहाचा गट आठवर आला.