व्हॉल्व्ह बसवलेला पेशंट हरवू देऊ नका : रजिस्ट्रीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

हृदयाच्या व्हॉल्व्हच्या रजिस्ट्रीत, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या पेशंटांच्या नोंदवहीत, काम म्हणजे फॉर्म भरणं, असं समजून बरेच जण येतात. फॉर्म आठवड्यात जमतो. वर्षानुवर्षं पेशंटचा माग ठेवणं हे खरं काम, आणि आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते फार चिकाटीचं आहे.

ऑपरेशन मुंबईला, कोल्हापूरला नाहीतर गोव्यात होतं. पेशंट गावी येतो, बरं वाटू लागलं की तपासणीला जाणं थांबतं. नोंदवलेला फोन मुलाचा, आणि त्याचा नंबर बदललेला. म्हणून पहिल्याच भेटीत घरचा, मुंबईतल्या नातेवाइकांचा आणि शेजाऱ्यांचा असे तिन्ही नंबर घ्या. पत्त्यात वाडी लिहाच. खलाशी जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरी सापडतात, चाकरमानी गणपतीत.

फोन लागला नाही म्हणून पेशंट ठणठणीत आहे असं धरू नका. संपर्क तुटलेल्यांतच त्रास झालेले जास्त असू शकतात, आणि मग व्हॉल्व्ह आहे त्याहून सुरक्षित दिसतो.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘व्हॉल्व्ह बदलला’ असेल तर थांबू नका. कंपनी, मॉडेल, माप, सिरियल नंबर मिळवा. ऑपरेशनच्या कागदांत बहुधा स्टिकर असतो. हे किती मोलाचं आहे ते ब्यॉर्क-शायली कॉन्व्हेक्सो-कॉन्केव्ह व्हॉल्व्हने दाखवलं. १९७९ ते १९८६ या काळात तो विकला गेला, जगभर सुमारे ८६,००० बसवले गेले. काहींची आतली धातूची पट्टी तुटायची आणि व्हॉल्व्हची उघडझाप करणारी चकती निखळायची. नेदरलँड्समध्ये पेशंटांचा नीट माग ठेवला होता, म्हणूनच मोठ्या मापाच्या आणि ७० अंश उघडणाऱ्या व्हॉल्व्हना धोका जास्त, हे कळलं. व्हॉल्व्ह काढायचा तर पुन्हा ओपन हार्ट. कोणाचा काढावा आणि कोणाला त्या ऑपरेशनच्या जोखमीत घालू नये, हे अशा नोंदींमुळे ठरवता आलं.

मृत्यूची नोंद सर्वांत जड जाते. दिवसकार्य होईपर्यंत फोन करू नका. नंतर घरच्यांना आधी बोलू द्या. मग विचारा, ताप होता का, अर्धांगवायू झाला का, रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती का, शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) कधी केला. ‘हार्ट अटॅक’ एवढ्यावर रकाना बंद करू नका.

व्हॉल्व्हबद्दल संशय आला, तर दोष सिद्ध व्हायची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलून २०१५ पासून चालू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाच्या नोंदी घेणारा देशाचा कार्यक्रम) कळवा. संशय पुरेसा असतो.